१३-०-४५ घातलं की बादली बर्फासारखी गार का पडते? (आणि खत तळाला का बसतं)

निफाडकर_शेतकरी:
राम राम मंडळी. प्रश्न शेतीचा आहे का केमिस्ट्रीचा ते मलाच कळंना म्हणून इथे टाकतोय, ॲडमिनला वाटलं तर हलवा दुसरीकडे. काल सकाळी सहा-साडेसहाला बागेत ड्रिपला १३-०-४५ सोडायचं होतं. दोन किलो मोजलं, दहा लिटर पाणी बसेल अशा बादलीत रात्रभर उघड्यावर असलेल्या टाकीतलं पाणी घेतलं आणि काठीने हलवायला लागलो. तळाचं हलंना म्हणून हात घातला तर अशी कळ गेली कोपरापर्यंत की बस, कोणी बर्फाची लादी सोडली का काय पाण्यात असं वाटलं. बादलीला बाहेरून दव सुटलं, शेजारी साध्या पाण्याची बादली होती तिला काहीच नाही. आणि एवढं हलवूनपण तळाला खत वाळूसारखं खरखर लागतंय. तसंच ओतलं व्हेंचुरीच्या (ड्रिपच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) ड्रममध्ये, अर्ध्या तासात फिल्टर चोक.
दुकानदार म्हणतो माल एक नंबर आहे, थंडीने होतं असं. भाऊ म्हणतो भेसळ आहे. पोरगी अकरावी सायन्सला, ती म्हणते पप्पा आम्हाला क्लासमध्ये सांगितलंय की बंध तुटला की एनर्जी बाहेर पडते, मग पाणी गरम व्हायला पाहिजे, गार कसं? आता खरं कोणाचं?

ओझरचा_पाहुणा:
भेसळच असणार भो. युरिया मिसळतात, युरियानेपण पाणी गार पडतं.

सायकलवाला_नाशिकरोड:
निफाडला डिसेंबरात सहा वाजता पाण्यात हात घालायचा आणि वर विचारायचं पाणी गार का 😄

निफाडकर_शेतकरी:
अहो सायकलवाले, म्हणून तर शेजारच्या बादलीचं सांगितलं ना! तीच टाकी, तेच पाणी.

निवृत्त_मास्तरीण:
शेतकरी दादा, दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे, भावाचं बहुतेक चूक आहे, आणि मुलीला जे सांगितलंय ते साफ चूक आहे. मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली आणि दर वर्षी पहिल्या महिन्यात हे एकच वाक्य पोरांच्या डोक्यातून काढण्यात माझा घसा बसायचा. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडत नाही, कधीच नाही. तोडायला ऊर्जा लागते. जुळताना ती बाहेर पडते. बस एवढंच, बाकी सगळा जमाखर्च आहे.
तुमचं १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपल्या आजोबांच्या भाषेत सोरा. त्याच्या खड्यात पोटॅशियमचे धन आयन आणि नायट्रेटचे ऋण आयन (आयन म्हणजे विजेचा भार असलेला अणू किंवा अणूंचा गट) आळीपाळीने घट्ट बसलेले असतात, प्रत्येकाच्या चहूबाजूंनी उलट्या भाराचे शेजारी. हा खडा फोडून आयन सुटे करायचे तर एका मोलला (मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या, सोऱ्याचा एक मोल साधारण १०१ ग्रॅम) ६८५ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोजावी लागते. मग सुट्या झालेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, पोटॅशियमकडे ऑक्सिजनची बाजू करून, नायट्रेटकडे हायड्रोजनची बाजू करून, आणि हे नवीन जुळणं झालं की ऊर्जा परत मिळते, ६५० च्या आसपास. खर्च ६८५, जमा ६५०. तूट साधारण ३५. ती तूट कुठून भरून निघणार? पाण्याच्याच उष्णतेतून. पाणी गार पडतं ते म्हणून.
आणि हो, नायट्रेटच्या आतला नायट्रोजन-ऑक्सिजनचा बंध इथे तुटत नाही, तो आयन आख्खाच पाण्यात उतरतो. फक्त आयन एकमेकांपासून लांब होतात.

कॉलेजरोड_कट्टा:
मॅडम एक बेसिक शंका, तुटीचा व्यवहार आहे तर खत विरघळतंच कशाला? घाट्याचा धंदा निसर्ग का करेल?

निवृत्त_मास्तरीण:
चांगला प्रश्न, अर्ध्या वर्गाला सुचत नाही हा. कारण उष्णतेचा हिशेब हा एकटा हिशेब नाही. प्रार्थनेला रांगेत उभी पोरं आणि सुट्टी झाल्यावर मैदानभर पांगलेली पोरं बघा, पांगायच्या तऱ्हा लाखो, रांगेची एकच. आयनांना पांगायला वाव मिळतो, याला एन्ट्रॉपी वाढणं म्हणतात, आणि थोडी तूट असली तर ती एन्ट्रॉपी भरून काढते. तूट फारच मोठी असली तर मात्र नाही जमत.

ओझरचा_पाहुणा:
म्हणजे युरियाचं पण सेम का?

निवृत्त_मास्तरीण:
हिशेबाची पद्धत सेम, पण युरिया आयनिक नाही हो. त्यात आयन नसतात, आख्खे रेणू असतात हायड्रोजन बंधांनी धरलेले. पाणी त्यानेही गार पडतं. म्हणून नुसतं गार पडलं यावरून भेसळ आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. संशय असेल तर पोत्याचा नमुना लॅबला द्या, हात घालून निकाल लावू नका.

सायकलवाला_नाशिकरोड:
आमच्याकडे पॉटचं आईस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालायचो, ते पण लय गार व्हायचं. तेच का हे?

निवृत्त_मास्तरीण:
नाही! आणि हे सगळ्यांचं चुकतं. साधं मीठ विरघळताना तूट फक्त ३.९ किलोज्यूल असते मोलला. ५८ ग्रॅम, म्हणजे एक मोल मीठ लिटरभर पाण्यात टाकलंत तर पाणी एक अंशानेसुद्धा उतरत नाही. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये काम करतो तो बर्फ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीसुद्धा वितळत राहतो आणि वितळायला किलोमागे ३३४ किलोज्यूल ओढून घेतो, त्यामुळे मिश्रण उणे २१ पर्यंत जाऊ शकतं. मीठ तिथे फक्त मुकादम आहे.
पण सोऱ्याने खरंच गार करायचे बरं का. अकबराच्या आबदारखान्यात पिण्याचं पाणी सोऱ्याने गार करत, आईन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. पाण्याची बंद सुरई सोरा घातलेल्या पाण्यात फिरवायची. म्हणजे शेतकरी दादा, तुम्ही काल सकाळी बादशाही उद्योग करत होतात. (सोऱ्याचं पाणी प्यायचं नाही, सुरईतलं प्यायचं. आणि खताच्या बादलीत कोणी कोल्ड्रिंक गार करू नका प्लीज, मी सांगितलं म्हणून.)

निफाडकर_शेतकरी:
बादशहाला फिल्टर साफ करायला लागला नसंल 😅
मॅडम पण तळाला का बसतं ते राहिलं. पाकिटावर तर शंभर टक्के विद्राव्य लिहिलंय.

निवृत्त_मास्तरीण:
तोच तर खरा मासला आहे. करा हिशेब माझ्याबरोबर. दोन किलो म्हणजे जवळपास २० मोल. २० गुणिले ३५, झाले ७०० किलोज्यूल. दहा लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण ४२ लागतात. म्हणजे सगळं खत विरघळलं असतं तर पाणी सोळा-सतरा अंशांनी उतरलं असतं. दाट द्रावणात थोडं कमी भरतं ते सोडा. तुमचं पाणी सकाळी किती होतं?

निफाडकर_शेतकरी:
मोजलं नव्हतं. उद्या पोरीकडून थर्मामीटर घेतो.

निवृत्त_मास्तरीण:
घ्या. पंधरा-सोळा धरू. आता सोऱ्याची दुसरी खोड. २० अंशाला १०० मिली पाण्यात हा ३१-३२ ग्रॅम विरघळतो, १० अंशाला २१ च्या आसपास आणि शून्याला फक्त १३. तुम्ही घातलंत १०० मिलीला २० ग्रॅम. सुरुवातीला मावण्यासारखं होतं. पण जसजसं विरघळत गेलं तसतसं त्यानेच पाणी गार केलं, आणि गार पाण्यात ते मावेना. स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा. पाकीट खोटं बोलत नाहीये, फक्त कुठल्या तापमानाच्या किती पाण्यात ते पाकिटावर नसतं.
उपाय सोपा, तेच दोन किलो ५० लिटरच्या ड्रममध्ये विरघळवा. पाणी जेमतेम सव्वातीन अंश उतरेल आणि १०० मिलीला ४ ग्रॅमच पडेल, आरामात जाईल. बादलीच वापरायची असेल तर विहिरीचं ताजं पाणी घ्या, थंडीत ते टाकीतल्यापेक्षा कोमट असतं.

खत_औषध_दुकान:
मी दुकानदार आहे (यांचा नाही). हे खरंय, दर हिवाळ्यात दहा जण येतात पोतं परत घ्या म्हणून. आम्ही सांगतो पाणी जास्त घ्या पण कारण माहीत नव्हतं, धन्यवाद मॅडम.

इंटिग्रेटेड_बॅच:
मास्तरीणबाई, एक मिनिट. बंध तुटून ऊर्जा कधीच मिळत नाही म्हणता, मग एटीपीचं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं) काय? बायोलॉजीत तर स्पष्ट आहे एटीपी तुटलं की ऊर्जा मिळते. सोडियम पण क्लोरीनला इलेक्ट्रॉन देतो कारण अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होऊन तो स्थिर होतो, म्हणजे ऊर्जा सुटते. मी स्वतः शिकवतो, उगाच क्लासवाल्यांना नावं ठेवायची फॅशन झालीये.

निवृत्त_मास्तरीण:
नाव मी कोणाचंच घेतलं नाही. एटीपीचं म्हणाल तर तिथेही तो बंध तोडायला खर्च होतोच, पण पाण्याबरोबर अभिक्रिया होऊन जे नवीन बंध जुळतात आणि तयार झालेल्या आयनांना पाणी जसं सांभाळतं त्याची जमा जास्त असते. निव्वळ शिल्लक उरते तिला बायोलॉजीवाले लाडाने "बंधातली ऊर्जा" म्हणतात.
आता सोडियमचं. अष्टकाची गोष्ट गोड आहे पण आकडे बघा. सोडियमच्या सुट्या अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल लागतात मोलला. क्लोरीनचा अणू तो घेतो तेव्हा परत देतो ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ ची खोट. सोडियम हौसेने इलेक्ट्रॉन देतो हे कोणी सांगितलं? त्याच्याकडून तो हिसकावावा लागतो. त्यात भर म्हणजे आधी सोडियम धातूचे अणू सुटे करायला १०७, क्लोरीनचा रेणू फोडून एक अणू मिळवायला १२२. एकूण खड्डा ३७६ चा.
मग मीठ बनतंच कसं? कारण हे आयन सुटे राहत नाहीत, स्फटिकात येऊन बसतात, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम. या जुळण्यातून ७८७ मिळतात. ७८७ वजा ३७६, शिल्लक ४११. मीठ बनताना आग-प्रकाश दिसतो तो या शिल्लकेचा. कमाई स्फटिकाची आहे, इलेक्ट्रॉन देण्याची नाही.

निफाडकर_शेतकरी:
म्हणजे द्राक्षासारखंच की. छाटणी, डिपिंग, थिनिंग, मजूर, औषधं, सगळा नुसता खर्च आणि पैसा दिसतो तो शेवटी माल निघाल्यावर.

ओझरचा_पाहुणा:
फरक एवढाच की मिठाचा शेवटी नफा नक्की असतो 😂

निवृत्त_मास्तरीण:
😂 हे मला तेव्हा सुचलं असतं तर वर्गात वापरलं असतं!
ही खातेवही मांडायची रीत माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांची, १९१९ सालची, म्हणून बॉर्न-हाबर चक्र. गंमत म्हणजे हा हाबर तोच, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा, ज्यासाठी त्याला १९१८ चं नोबेल मिळालं. तुमच्या पोत्यातल्या नायट्रोजनचं मूळ आणि बादली गार का पडते त्याचा हिशेब, दोन्हीकडे तोच माणूस. (पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या कामात पुढे होता तोही हाच, ते विसरता येत नाही.)

इंटिग्रेटेड_बॅच:
आकडे बरोबर आहेत. पण परीक्षेत अष्टकच विचारतात.

निवृत्त_मास्तरीण:
विचारू देत. अष्टक हे कुठला आयन बनेल ते सांगतं, का बनेल ते नाही. एवढं एक वाक्य जोडा वर्गात, माझं काही म्हणणं नाही.

निफाडकर_शेतकरी:
मॅडम मी मुलगी, पप्पांच्या अकाउंटवरून लिहितेय. टेस्टमध्ये मी मिठाची लॅटिस एनर्जी (स्फटिकाची ती ७८७ वाली ऊर्जा) +७८७ लिहिली, माझा मार्क कापला, उत्तर −७८७ होतं. पण एका पुस्तकात + आहे आणि एका पुस्तकात − आहे!! मग काय लिहायचं?

निवृत्त_मास्तरीण:
बेटा दोन्ही बरोबर आहेत. स्फटिक तोडून वायुरूप आयन करायचे असतील तर +, आयन एकत्र येऊन स्फटिक बनत असेल तर −. एकच जिना, चढलीस की अधिक, उतरलीस की उणे. उत्तराच्या आधी बाण काढायची सवय लाव, कुठून कुठे जातोय ते, मग मार्क कापणाऱ्यालाही बोलता येत नाही. आणि ७८७ म्हणजे केवढे ते लक्षात ठेवायचं तर असं ठेव, मुठीत मावेल एवढ्या मिठाचे आयन पूर्ण सुटे करायला लागते तेवढ्या ऊर्जेत अडीच लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल. तरी पाण्यात ते मीठ चमच्याने ढवळून विरघळतं, कारण जवळजवळ सगळा खर्च पाणी उचलतं.

मखमलाबाद_मळा:
उशिरा आलो धाग्यावर. आमचं उलटं झालेलं. बोर्डो (चुना-मोरचुदाचं फवारणीचं मिश्रण) करायला कळीचा चुना घेतला एक किलो, प्लॅस्टिकच्या बादलीत टाकला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. असा फसफसला, वाफा निघाल्या, बादलीचा तळ मऊ पडून फुगा आला खाली. हे पण आयनिकच ना? इथे गरम कसं?

निवृत्त_मास्तरीण:
बाप रे, डोळ्यात नाही उडालं ना? चुना हा पण आयनिक, कॅल्शियम ऑक्साईड, आणि त्याचा स्फटिक तर मिठापेक्षा कितीतरी घट्ट, कारण दोन्ही आयनांवर दुहेरी भार. तोडायला खर्च प्रचंड. पण इथे नुसतं विरघळणं नाहीये. ऑक्साईड आयन पाण्यात टिकतच नाही, तो पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन ओढतो आणि दोन हायड्रॉक्साईड होतात, मग ते कॅल्शियमबरोबर नवा स्फटिक बांधतात. जमा खर्चाच्या वर जाते, मोलला ६५ किलोज्यूल शिल्लक. एक किलो चुन्यात जवळपास १८ मोल, म्हणजे साडेअकराशेच्या वर किलोज्यूल, साडेतीन लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला पुरेल. तुम्ही तांब्याभर ओतलंत, मग बादलीच वितळणार. भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चष्मा लावून, आणि लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात.

मखमलाबाद_मळा:
डोळे वाचले. मोरचूद मात्र पाण्यात टाकला तर काहीच झालं नाही, ना गरम ना गार.

निवृत्त_मास्तरीण:
किंचित गार झालं असणार, हाताला कळलं नाही. निळा मोरचूद म्हणजे आधीच पाणी पिऊन बसलेला, एका कॉपर सल्फेटमागे पाच पाण्याचे रेणू स्फटिकातच. तोच तव्यावर भाजून पांढरा केलात आणि मग पाण्यात टाकलात तर चांगला गरम होतो. निळ्याची तूट १२ च्या आसपास, पांढऱ्याची शिल्लक ६६. पाण्याशी जुळण्याची कमाई निळ्याने आधीच खाऊन टाकलेली असते.

निफाडकर_शेतकरी:
अपडेट. आज थर्मामीटर घेऊन केलं. बादलीत पाणी १६ होतं, दोन किलो टाकून दहा मिनिटं हलवलं, ५ वर आलं आणि तळाला अंदाजे पावकिलोच्या वर खत शिल्लक. मग ५० लिटरच्या ड्रममध्ये ताजे दोन किलो, १६ चं १३ झालं, तळ साफ. मॅडम तुमचा हिशेब तंतोतंत. भाऊ गप आहे सकाळपासून.
पण एक अडचण. फिल्टर उघडला, खताचे दाणे कोमट पाण्याने गेले पण जाळीवर पिठासारखा पांढरा थर आहे तो काही जाईना. ॲसिडनेपण नीट निघत नाहीये.

खत_औषध_दुकान:
दादा आदल्या दिवशी काय सोडलं होतं?

निफाडकर_शेतकरी:
कॅल्शियम नायट्रेट. आणि त्याच ड्रममध्ये नंतर ०-०-५०, ड्रम धुतला नव्हता.

खत_औषध_दुकान:
झालं मग. जिप्सम तयार झालाय.

निवृत्त_मास्तरीण:
बरोब्बर पकडलंत दुकानवाले. ०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. एकातला कॅल्शियम आणि दुसऱ्यातला सल्फेट पाण्यात भेटले आणि पुन्हा स्फटिक बांधला. आतापर्यंत आपण आयनिक संयुग तुटताना बघत होतो, हे बनताना. दोघांवर दुहेरी भार, ओढ जबरदस्त, लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. ॲसिडने कार्बोनेटचा थर जातो, जिप्सम नाही जात नीट. जाळी ब्रशने घासा आणि भरपूर साध्या पाण्यात भिजत ठेवा. कॅल्शियमवालं खत आणि सल्फेट किंवा फॉस्फेटवालं खत (०-५२-३४, १२-६१-० पण) एका ड्रममध्ये कधीच नको.

निफाडकर_शेतकरी:
म्हणजे फिल्टर १३-०-४५ ने नाही, माझ्याच आळसाने चोक झाला.

खत_औषध_दुकान:
दोन्हीने 🙂

निफाडकर_शेतकरी:
मॅडम परत मी (मुलगी). मॅग्नेशियम ऑक्साईडची लॅटिस एनर्जी ३७९१ दिलीय, मिठाच्या जवळजवळ पाचपट. भार दुप्पट-दुप्पट म्हणजे चारपट व्हायला पाहिजे ना?

निवृत्त_मास्तरीण:
चारपट भारांमुळे. उरलेलं अंतरामुळे, मॅग्नेशियम आणि ऑक्साईडचे आयन लहान, म्हणून एकमेकांच्या जास्त जवळ बसतात. म्हणून मीठ ८०१ अंशाला वितळतं आणि हे २८०० च्या पुढे, भट्टीच्या विटांत वापरतात. आता तू त्याचं पूर्ण चक्र मांड, त्यात ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन देताना चिन्ह अधिक येतं, तिथे पोरं अडकतात. मांडून झालं की इथेच टाक, मी बघते.

निफाडकर_शेतकरी:
टाकते मॅडम. पप्पा फोन मागतायत, मोटर चालू करायचीय, लाईट आली.